बिनकागदाचा मोझार्ट

कूलर बंद करायचा की चालू ठेवायचा, यावर सुरुवातीलाच दोन तट पडतात. मे महिना आहे. सूर्य मावळून बराच वेळ झाला तरी धरमपेठेतल्या या वरच्या मजल्याच्या भिंती हाताला गरम लागताहेत. खिडकीतला कूलर घरघरतोय आणि त्याच्या झोतात बसायला मिळावं म्हणून सतरंजीच्या त्या टोकाला दाटी झाली आहे.

"कूलर चालू राहिला तर सुरुवातच ऐकू येणार नाही," व्हायोलिनच्या मॅडम म्हणतात. "फार हळू आहे ती."

"अहो पण अर्धा तास?" कराओकेवाल्या काकू विचारतात.

"अर्धाच तास."

बटण खाली जातं. पंखासुद्धा बंद होतो. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न आणि पाणीपुरीवाल्याचा आवाज आता खोलीत स्पष्ट येऊ लागतो.

खोली म्हणजे मॅडमचा क्लास. भिंतीला तानपुरा टेकवलेला, कोपऱ्यात छोट्या व्हायोलिनच्या पेट्या एकावर एक रचलेल्या. दर महिन्याला त्या इथे काहीतरी ऐकवतात, कधी गजाननबुवा, कधी एन. राजम. आज पहिल्यांदाच परदेशी वाद्यवृंद आहे, म्हणून नेहमीपेक्षा माणसं वेगळी जमली आहेत. कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर आहेत. सलग पन्नास वर्षं पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड जमवणारा असा माणूस नागपुरात शोधूनच काढावा लागेल. सदरच्या एका चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो गाणाऱ्या टीचर आहेत. सिनेगीतांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा एक मुलगा आहे. आजचे स्पीकर त्याचेच. मॅडमची एक छोटी विद्यार्थिनी आहे. आणि दाराजवळ, भिंतीला पाठ लावून, एक काका बसले आहेत. गांधीबागेकडच्या एका बँड पार्टीत त्यांनी उभा जन्म युफोनियम वाजवला. मॅडमच्या लग्नाच्या वरातीत तेच होते, म्हणून त्यांना आवर्जून बोलावणं गेलं आहे.

पडद्यावर रंगमंच उजळतो. वादक येतात, आपापल्या जागी उभे राहतात. चेलोवाले तेवढे बसलेले. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं आणि ते काय हे कळायला मला क्षण लागतो. स्टँड नाहीत. कागद ठेवायचा एकही स्टँड रंगमंचावर नाही, त्यामुळे माणसं पायापासून डोक्यापर्यंत दिसताहेत. संचालकापुढेही काही नाही.

ही लंडनची ऑरोरा ऑर्केस्ट्रा. 2005 साली सुरू झाली, निकोलस कॉलन तिचे संचालक. 2014 च्या प्रॉम्स महोत्सवात, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, त्यांनी मोझार्टची चाळीसावी सिम्फनी सगळ्यांनी मिळून पाठ वाजवली आणि मग तो त्यांचा परिपाठच झाला. बेथोव्हेन झाला, 2019 ला बर्लिओझ झाला, 2023 ला स्ट्राविन्स्कीची 'राइट ऑफ स्प्रिंग' झाली, जिच्यात ताल सारखा कूस बदलतो. 2024 ला बेथोव्हेनची नववी. आज मॅडमनी लावली आहे ती मोझार्टचीच.

"1788," सर हळू आवाजात सांगतात, बाजूच्या छोटीला. "व्हिएन्ना. एका उन्हाळ्यात, दोन महिन्यांच्या आत, त्यानं तीन सिम्फन्या लिहिल्या. ही मधली. पंचवीस जुलैला पुरी झाली. आणि त्यानंतर एकही सिम्फनी नाही. तीन वर्षांनी गेला."

"किती वर्षांचा होता?" छोटी विचारते.

"पस्तीस."

वाद्यं सुरू होतात.

खरोखर हळू सुरू होतात. व्हायोला खालच्या सुरात कुजबुजायला लागतात, आणि मात्रा-दोन मात्रांनी व्हायोलिनं ती चाल घेऊन येतात जी या खोलीतल्या कितीतरी जणांना ऐकल्याबरोबर ओळखू येते. पण ज्या नावानं ती आज लागली आहे त्या नावानं नव्हे.

"अगंबाई!" काकूंना राहवत नाही. "हे तर तलतचं आहे!"

'छाया', 1961. सलील चौधरी. तलत आणि लता. काकू मान डोलावत पहिली ओळ ओठातल्या ओठात म्हणूनही टाकतात. सर मान वळवून पाहतात. त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी लपत नाही. मला मात्र काकूंचं ओळखणं फार खरं वाटतं. सलील चौधरी आसामच्या चहामळ्यात वाढले, वडिलांकडच्या रेकॉर्डवर युरोपचं संगीत ऐकत. त्यांनी ही चाल उचलली, वळवली आणि ती आमच्याकडे रेडिओवरून आली. काकूंच्या आठवणीत मोझार्ट साठ वर्षं मुक्कामाला आहे; त्यांना त्याचं नाव कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मॅडमचं लक्ष दुसरीकडे आहे. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलताहेत आणि त्या सरगम पुटपुटताहेत: कोमल ध, प, प. ध, प, प. ध, प, प, आणि मग वर झेप, तार सप्तकातला कोमल गंधार. "आसावरी थाट," त्या म्हणतात आणि पुढच्याच ओळीला थबकतात. "नाही. शुद्ध निषाद लावला. कीरवाणी झाला."

टीचरकडे पाहतो तर त्यांनी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला आहे. त्यांना चालही ऐकू येत नसावी. त्या नुसत्या वादकांचे चेहरे पाहताहेत, एकामागून एक, जणू कोण पहिल्यांदा चुकेल हे हेरायचं काम त्यांच्याकडे सोपवलं आहे. पहिला भाग थोडा थांबतो, पुन्हा उसळतो. टीचरचे खांदे वर गेलेले तसेच आहेत.

"घाबरता कशाला, टीचर?" कीबोर्डवाला मुलगा कुजबुजतो.

"अरे, एखादा विसरला तर? आम्ही ख्रिसमसला हालेलुया म्हणतो, दरवर्षी. सगळ्यांना पाठ आहे. पण पुस्तक हातात असतं. पाहत नाही कोणी. पण असतं."

त्यांची भीती मला समजते. स्वरलिपी वाचून गाणाऱ्याला कागद हा धाक नसतो, आधार असतो. पियानोवादक पाठ वाजवतात, पण पियानोवादक एकटा असतो. तो अडखळला तर थोडं इकडेतिकडे करून पुढे निघून जाऊ शकतो. इथे इतकी माणसं आहेत. एकानं एक मात्रा आधी उडी घेतली तर ती सगळ्यांना ऐकू येणार.

पहिला भाग संपतो. मधल्या शांततेत कपाळं पुसली जातात. काकू पदरानं वारा घेताहेत. कूलरच्या बटणाकडे कोणी पाहिलं की मॅडम नुसत्या भुवया उंचावतात.

दुसरा भाग संथ. तो पुन्हा व्हायोलाच सुरू करतात, एकाच सुरावर ठेवलेली हलकी, सारखी पावलं. मग दुसरी व्हायोलिनं त्यांच्या मागून येतात, मग पहिली. दाराशी बसलेले काका आतापर्यंत हललेले नाहीत. आता ते पुढे सरकतात, जवळजवळ गुडघ्यांवर येतात.

"पाह्यलं?" ते म्हणतात. कोणाला म्हणतात ते कळत नाही. "त्याहीचा नंबर आला."

"कोणाचा, काका?"

"ते मधात उभे हायेत ना, मोठं व्हायोलिन घेऊन. मगापासून मी त्याहीलेच पाहून राहिलो. पहिल्या गाण्यात त्याहीले चाल भेटलीच नाही. नुसतं भरून राहिले होते बिचारे."

सर मागे वळतात आणि प्रथमच काकांकडे नीट पाहतात. "व्हायोला म्हणतात त्याला, भाऊ."

"काही म्हणा. आमच्यात मी तेच होतो."

कॅमेरा त्याच वेळी व्हायोलावाल्या एका बाईवर थांबतो. ती डोळे मिटून वाजवत नाही. तिची नजर रंगमंच ओलांडून पलीकडच्या चेलोवाल्यावर आहे. तिचा गज चालतो तेव्हा तोही गज खाली आणतो, दोघांच्या भुवया एकदम वर जातात. समोर कागद असता तर ही नजर कागदावर असती. अर्धी जरी असती तरी अर्धीच उरली असती. मी आतापर्यंत सगळं लक्ष सुरांवर ठेवायचा प्रयत्न करत होतो. आता तो सोडून देतो आणि नजराच पाहू लागतो. कोण कोणाकडे कधी पाहतं. ओबोवाला सूर घेण्याआधी बासूनवाल्याकडे पाहतो. हॉर्नवाले दोघे बराच वेळ वाद्यं मांडीशी धरून नुसते उभे आहेत, पण त्यांचे डोळे रंगमंचभर फिरताहेत. मग त्यांच्यातला एक दीर्घ श्वास घेतो, आणि तो श्वास पाहून दुसराही.

"हे पाहा," काका म्हणतात. "चुप बसाचं पाठ करा लागते. चाल कोणीबी करते पाठ. चाल कोणी इसरत नाही. पण किती वेळ चुप बसाचं अन् मंग कुठं घुसाचं, हे इसरलं का गेलं गाणं."

या संध्याकाळचं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मला हेच वाटतं. पाठ वाजवलं म्हटलं की आपण डोळ्यांपुढे व्हायोलिनची चाल आणतो, जी काकूंनाही पाठ आहे. पण या वाद्यवृंदातल्या बहुतेक माणसांनी पाठ केलेलं असतं ते असं, ज्याला चालच नाही. एकाच सुराची शंभर आवर्तनं. तीन मात्रांचा एक हुंकार. मग लांबलचक विश्रांती, जिच्यात मनातल्या मनात दुसऱ्याचं वाजवणं चालू ठेवावं लागतं, कारण तेच तुमचं घड्याळ. कागदावर विश्रांतीचा आकडा लिहिलेला असतो. मोजत राहिलं की झालं. कागद काढून घेतल्यावर मोजून भागत नाही. दुसऱ्याचा भागही आपल्याला यावा लागतो.

तिसरा भाग मिन्युएट. नाव नाचाचं, पण यावर कोणी नाचेल असं वाटत नाही. छोटी तबल्यालाही जाते, म्हणून ती सवयीनं मांडीवर मात्रा धरते: एक दोन तीन, एक दोन तीन. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला तिचा हात चुकतो. ती परत धरते, पुन्हा चुकतो. चालीतले आघात मात्रांना ओलांडून भलतीकडेच पडताहेत.

"मॅडम, सम कुठे आहे?"

"शोध," मॅडम म्हणतात. "त्यांना सापडली आहे, म्हणजे आहे कुठेतरी."

मग मधला तुकडा येतो, मेजर सप्तकातला, ओबो आणि हॉर्न यांचा, आणि खोलीतली सगळी माणसं एकदम सैल होतात. टीचरसुद्धा पर्सचा पट्टा सोडतात.

शेवटचा भाग मात्र कोणाला सैल बसू देत नाही. हलका, पायऱ्या चढत जाणारा स्वर, आणि लगेच सगळ्यांचा धडाक्याचा जबाब. पुन्हा चढ, पुन्हा जबाब. वेग इतका की वादक आता गुडघ्यांतून वाकून वाजवताहेत. उभे असल्यामुळे ते दिसतं. आणि मग अर्ध्यावर ती जागा येते. अचानक सगळे एकाच ओळीवर येतात. साथ नाही, सोबत नाही, सगळे मिळून एकच तुटक, उड्या मारणारी ओळ, मध्ये जीवघेण्या फटी. पुढचा सूर कुठे पडेल याचा कानाला अंदाज येत नाही. फारच थोडा वेळ चालतं हे. पण मॅडमची मांडीवरची बोटं थांबतात.

"सा कुठे गेला?" त्या मोठ्यांदा म्हणतात.

सर ताठ होतात. संध्याकाळभर ते या क्षणाची वाट पाहत होते की काय, असं वाटण्याइतके त्यांचे डोळे चमकतात. पण ते बोलत नाहीत. संपेपर्यंत थांबतात. शेवटचे आघात होतात, पडद्यावरच्या प्रेक्षागृहात आरोळ्या उठतात, वादक एकमेकांच्या गळ्यात पडताहेत.

काका टाळ्या वाजवत नाहीत. ते कपाळाला हात लावून नमस्कार करतात, पडद्याला.

"कूलर!" काकू म्हणतात, आणि कूलर सुरू होतो.

सांबारवडी येते, सोबत थंडगार ताक. बोलणं मात्र कोणालाच थांबवता येत नाही.

"अप्रतिम वाजवलं," सर म्हणतात. "पण पाठ कशासाठी? मला खरंच कळत नाही. वाजवायचं ते मोझार्टनं लिहिलेलंच. एक सूर इकडचा तिकडे करायचा नाही. मग कागद समोर ठेवला काय नि न ठेवला काय? आणि हे आपण मोठं कौतुकानं पाहतो तेव्हा ऐकणं बाजूला राहतं. टीचर, तुम्ही सांगा, तुम्ही ऐकलंत?"

"पहिले दोन भाग नाही ऐकले," टीचर प्रामाणिकपणे म्हणतात. "नुसती भीती वाटत होती."

"बघा. रिश्टर माहीत आहे ना? स्वियातोस्लाव रिश्टर. एवढा थोर पियानोवादक. उतारवयात त्यानं पाठ वाजवणं सोडून दिलं. अंधाऱ्या सभागृहात कागदावर एक छोटा दिवा, बस. आणि क्लारा शूमान मुलगी असताना, 1837 साली, बर्लिनला कागदाशिवाय वाजवायला बसली तर लोकांनी तिला आगाऊ म्हटलं. आता उलटं झालं. कागद ठेवला तर कमीपणा!"

"पण सर," कीबोर्डवाला मुलगा मध्ये पडतो, "हे काही आजचं नाही ना? तुम्हीच मागे सांगितलं होतं, तो जर्मन संचालक..."

"ब्यूलोव. मायनिंगनची ऑर्केस्ट्रा. हो, 1880 नंतरच्या वर्षांत तो त्यांच्याकडून पाठ करवून घ्यायचा. उभंही करायचा." सर हे मान्य करतात, कारण ते खरं आहे, आणि सर खऱ्याला नाही म्हणत नाहीत. "आणि तोस्कानिनी सगळं पाठ करायचा, कारण त्याला दिसायचंच कमी. त्याला कारण होतं. मी कारण विचारतोय."

"मी सांगू?" मुलगा म्हणतो. "आमच्या शोमध्ये हल्ली सगळे टॅबवर पाहून वाजवतात. मीसुद्धा. कॉर्ड, शब्द, सगळं. टॅब हँग झाला की शो हँग. आणि मी मगाशी यांना पाहत होतो ना, तर मला एकदम लक्षात आलं, मी गेल्या दोन वर्षांत आमच्या ड्रमरच्या तोंडाकडे पाहिलेलंच नाही. तो माझ्या मागे बसतो. तो हसतो का, दमतो का, मला माहीत नाही. आम्ही सगळे खाली पाहत असतो. समोरच्या लोकांना आमची टाळकी दिसत असतील नुसती."

काकू गप्प होतात. शंकरनगरच्या एका हॉलमध्ये दर रविवारी त्या कराओकेवर गातात. आवाज अजून गोड आहे, तालाला पक्क्या आहेत, आणि डोळे मोबाइलवर. नागपुरात हल्ली असे कितीतरी ग्रुप आहेत, आणि त्यांनी कितीतरी घरांतल्या बंद पडलेल्या गळ्यांना पुन्हा गातं केलं आहे. मी त्याला कधी नाव ठेवणार नाही. पण मुलाचं बोलणं काकूंना लागलं आहे हे दिसतं.

मॅडमचं म्हणणं वेगळंच आहे. "मला पाठ वाजवण्याचं नवल वाटत नाही, खरं सांगते. आपल्याकडे कोण कागद घेऊन बसतं? वसंतराव इथेच नागपुरात सप्र्यांकडे शिकले, ते काय वही पाहून? आपल्याकडे कागद रुळला तो भातखंड्यांच्या पुस्तकांतून, शिकण्यापुरता. पण आपल्याला पाठ काय असतं? दोन ओळी स्थायी, दोन ओळी अंतरा. बाकी सगळं तिथल्या तिथे सुचलेलं. इथे सुचायला जागाच नाही. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सगळं ठरलेलं. एवढं पाठ करायचं आणि त्यात आपलं काहीच घालायचं नाही, हे मला जड वाटतं, बाई."

मला मॅडमचं हे पटत नाही, आणि मी तसं म्हणतो. घनपाठी वेदमूर्तीही त्यात आपलं काही घालत नाहीत. पदं पुढे जातात, मागे येतात, पुन्हा पुढे जातात, अशी विणली जातात की एक अक्षर निसटलं तर वीणच उसवते. तिथे सुचण्याला जागा नाही म्हणून कोणी त्याला निर्जीव म्हणत नाही. आणि आत्ता पडद्यावर जे होतं त्यात ठरलेले फक्त सूर होते. गज किती दाबायचा, चढाच्या आधी किती थांबायचं, कोणाच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा, हे कागदावर नव्हतंच कधी. कागद असला की ते पाहायला डोळे मोकळे नसतात. सरांनी कारण विचारलं. माझ्यापुरतं कारण हे आहे.

"पण तेवढ्यासाठी इतका जिवाचा आटापिटा?" सर म्हणतात.

"सर," मॅडम अचानक विचारतात, "मघाशी सा कुठे गेला होता?"

आता सर सांगतात. सिम्फनीचा आधारस्वर जी, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी पाचचा षड्ज. आणि शेवटच्या भागातल्या त्या तुटक ओळीत मोझार्टनं सप्तकातले बाराही स्वर वापरले आहेत, एक सोडून. जी सोडून. घरातला मूळ पुरुषच बाहेर ठेवला आहे.

"म्हणजे मला बरोबर ऐकू आलं." मॅडम उठतात, इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेतात, पांढरी पाचला लावतात. "ती जागा पुन्हा लाव रे."

"तानपुऱ्यावर मोझार्ट?" सरांना ते सहन होत नाही. "अहो, त्याच्यात षड्ज स्थिर नसतोच!"

"म्हणूनच तर."

कूलर पुन्हा बंद होतो. तानपुरा झणकारतो, आणि त्यावर तो तुकडा लागतो. फार विलक्षण ऐकू येतं. तानपुरा सारखा सा देत राहतो आणि ओळ त्याच्या अवतीभवती उड्या मारते, वरून, खालून, अगदी शेजारून, पण त्याच्यावर पाय ठेवत नाही. टीचर कानावर हात ठेवतात. त्यांना ते बेसूर वाटतं. छोटी हसते. सर डोळे मिटून बसले आहेत, आणि मला वाटतं, त्यांनी हा तुकडा इतक्या वर्षांत असा कधी ऐकलेला नाही.

"पुन्हा," सर स्वतःच म्हणतात.

पुन्हा लागतो. काका या वेळी कान देऊन ऐकतात. "इथं साथ करणारा कोणीच नाही," ते म्हणतात. "इथं सगळेच्या सगळे अंधारात एकच दोर धरून चालले. एकानं सोडला का सगळे पडले. कागद नसताना ही जागा वाजवाची म्हणजे..." आणि ते नुसती मान हलवतात.

"तुम्ही कधी कागद घेतला, काका?" मुलगा विचारतो.

"वरातीत? चालता चालता कागद कुठं ठेवता? पाठीमागं जनरेटरची गाडी, पुढं नाचणारी पोरं, वरून नोटा उडून राहिल्या. नवं पिक्चर आलं का मास्टर प्रत्येकाले त्याचा त्याचा भाग गाऊन सांगे. तू हे वाजव, तू ते वाजव. क्लॅरनेटवाल्याले मुखडा, अंतरा. मले मधलं. लोक म्हणत, वा, क्लॅरनेट काय वाजवलं! आमच्याकडं कोणी पाहेच नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नाही. "पण क्लॅरनेटवाला इसरला तर तो कोणाकडं पाहे? माह्याकडं."

काकू इतका वेळ ताकाचा पेला हातात धरून बसल्या आहेत. त्या पेला खाली ठेवतात. "मी म्हणू का ते? तलतचं? न पाहता?"

मुलगा लगेच फोनवर सूर देतो. काकू सुरू करतात. मुखडा सुरेख लागतो. पहिला अंतराही जातो. मुखड्यावर परत येतात, आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी थांबतात. डोळे इकडेतिकडे जातात, हात नकळत पर्सकडे, फोन काढायला.

तेवढ्यात दाराकडून आवाज येतो. काका गाल फुगवून, ओठ मिटून, दोन कडव्यांमधलं म्युझिक वाजवताहेत. शब्द नाहीत, नुसतं ते भरणीचं संगीत, जे गाणं आठवताना कोणी आठवत नाही. पूर्ण वाजवतात, घाई न करता, शेवटची खालची उतरणसुद्धा. आणि ती उतरण संपता संपता काकू पहिल्या शब्दावर अलगद येतात. पर्सकडे गेलेला हात परत येतो. अंतरा पुरा होतो.

"असंच!" टीचर जवळजवळ ओरडतात. "त्यांचंही असंच होत असणार. एकाचं ऐकून दुसऱ्याला आठवत असणार. म्हणून कोणी विसरलं नाही."

"एका गाण्यावरून एवढा निष्कर्ष काढू नका," सर म्हणतात. "सिम्फनीत अशा हजार जागा आहेत."

"तर मग हजार वेळा ऐकत असतील एकमेकांचं," टीचर म्हणतात. आज प्रथमच त्यांनी सरांना उलट उत्तर दिलं आहे. "मी रविवारी क्वायरमध्ये सांगणार आहे, एक तरी कोरस पुस्तक मिटून म्हणू या."

"म्हणतील?"

"सोप्रानो म्हणतील, त्यांच्याकडे चाल असते. आम्हा आल्टोंचं काय ते बघावं लागेल."

"आल्टोवाल्याहीलेच आधी पाठ करा लावा," काका म्हणतात, वडीचा दुसरा तुकडा उचलत. "बाकीचे येतात मंग त्याहीच्या मागं."

सर काहीतरी बोलायला तोंड उघडतात, मॅडम त्यांच्या आधी बोलतात, आणि मुलगा पडद्यावर पुन्हा दुसरा भाग शोधू लागतो, कारण छोटीला व्हायोला कुठे सुरू होतात ते पाहायचं आहे.